शेवटच्या दृश्यातलं पाणी

१७ सप्टेंबर, शनिवार

लेख आला. अर्धं पान, चौकटीत, खाली माझं नाव एकही अक्षर न गळता. सव्वीस वर्षं मी जिल्ह्याच्या या साप्ताहिकाला गुरांच्या बाजाराचे भाव, शाळा समितीची भांडणं आणि मृत्युलेख पुरवतो आहे. स्वतःच्या डोक्यातलं काही छापून यायची ही पहिलीच वेळ.

निमित्त 'सात खेचरं'चं. आमच्या सान आसेन्सियो या जुन्या स्पॅनिश वस्तीच्या गावात एकाहत्तरच्या जूनमध्ये चित्रित झालेला काउबॉयपट. पुढच्या वर्षी लागला, त्याला आता पन्नास वर्षं झाली. दुष्काळी गावात एक परका येतो. सोबत सात खेचरं, प्रत्येकाच्या पाठीवर कुलूपबंद पेटी. गाव त्या पेट्यांपायी एकमेकांचे गळे धरतं, शेवटी परक्याला मारतं, आणि पेट्या मात्र कुणीच उघडत नाही. मग सहा मिनिटं संवाद नाही, संगीत नाही. एक शेतकरी खोरं घेऊन कोरड्या पाटात उभा आहे. वरून पाण्याचं तोंड येतं, तो पाटाचं दार उघडतो, पाणी शेतात शिरतं. संपला सिनेमा. याचा अर्थ काय, यावर लोक पन्नास वर्षं भांडताहेत. पेट्यांत काय होतं या प्रश्नावर न्हाव्याच्या दुकानात एकदा खुर्ची मोडली आहे.

मी लिहिलं, परका म्हणजे काळ. पेट्या म्हणजे सप्तपाताळं. आणि शेवटचं पाणी हे पाणी नव्हेच, तो प्रसाद आहे. त्याच्या तोंडाशी जो फेस आणि पालापाचोळा येतो, ते गावाचं पाप. आधाराला एक तपशीलही दिला: त्या वर्षी पाट कोरडाच होता, पाणी टँकरने आणून सोडलं होतं. 'दिग्दर्शकाला पाणी नको होतं, पाण्याची कल्पना हवी होती.' हे वाक्य मी स्वतःला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

मृणाल कुठल्याशा अडलेल्या गाईला सोडवून आली होती. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"टँकरचं कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे न्हावी."

जनावरांच्या डॉक्टरशी लग्न करावं. साहित्यचर्चा करू नये.

२० सप्टेंबर, मंगळवार

युफेमियाबाई त्रुहियो आल्या होत्या, गावच्या स्पॅनिश रीतीने दोन्या युफेमिया. पाटापलीकडे राहतात. वय चौऱ्याहत्तर, जमीन अकरा एकर, सात एकर लसूणघास आणि चार एकर जर्दाळू. सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची पिशवी. माझा पहिला वाचक मिरच्या घेऊन यावा हे मला शुभ वाटलं.

"दोनदा वाचला," म्हणाल्या.

"आवडला?"

"त्या सिनेमातलं पाणी खोटं होतं असं लिहिलंयस."

"खोटं नाही, दोन्या युफेमिया. लाक्षणिक."

"म्हणजे ओलं नव्हतं?"

मला हसू आलं. इतका नेमका पूर्वपक्ष मला पुण्यात एम.ए.च्या वर्गातही कुणी मांडलेला आठवत नाही.

"तो खोरेवाला माझा बाप," त्या म्हणाल्या. "ओनेसिमो."

"माहीत आहे ना. तेच तर. दिग्दर्शकाने नट घेतला नाही, कारण त्याला कुणी एक माणूस नको होता. मनुष्यमात्र हवा होता."

बाईंनी लेखातला तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. विचार पटत असावा.

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापशील?"

"दुरुस्ती चुकीची करतात, अर्थाची नाही."

"बरं," म्हणाल्या. वरच्या अंगाला जी गोल्फवाली कंपनी आली आहे तिच्याकडून पाण्याबद्दल कसलंसं पत्र आलंय म्हणाल्या. मी म्हटलं, वकिलाला दाखवा. मिरच्या झकास आहेत.

९ नोव्हेंबर, बुधवार

रागात पेनची निब मोडली, म्हणून आज पेन्सिल.

प्राध्यापक किटरिज. सप्टेंबरात या सिनेमाच्या उत्सवासाठी आला, आमच्या घरी दोनदा वरणभात जेवला, तिसऱ्यांदा तूप मागून घेतलं. त्याचा लेख एका मोठ्या त्रैमासिकात आला आहे. काळ, पाताळं, प्रसाद, टँकर, सगळं आहे. 'पाणी नव्हे, पाण्याची कल्पना' हे तर जसंच्या तसं. आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: 'स्थानिक हौशी रसिकांतही असाच समज आढळतो.'

हौशी. रसिक. अनेकवचनी.

मृणाल म्हणाली, "हौशी तर आहेसच. रसिक आहेस की नाही ते मला विचारू नकोस."

प्राध्यापकाला पत्र लिहिलं. संध्याकाळपर्यंत उत्तर: 'एकच कल्पना दोघांना स्वतंत्रपणे सुचणं हे ती खरी असल्याचं लक्षण आहे.' चोराने चोरीचा माल परत करायच्या ऐवजी त्याची शुद्धता तपासून दिली.

२६ नोव्हेंबर, शनिवार

माझा खुलासा आजच्या अंकात. संपादकाने 'नीच' काढून 'खेदजनक' केलं, बाकी सगळं ठेवलं. मथळा: 'टँकरचा शोध प्रथम कुणी लावला?' उत्तर: मी.

पोस्टात युफेमियाबाई भेटल्या. पेपर काखेत होता.

"आता दोघे झालात," म्हणाल्या.

मी म्हटलं, "दोघे कसले, मी एकटाच. तो चोर."

त्यांनी पेपर दुसऱ्या काखेत घेतला आणि गेल्या. गावात निदान एका माणसाला माझ्यावरचा अन्याय समजला.

१९ जानेवारी, गुरुवार

दुपारी संपादकाने सरकारी नोटिसांचा गठ्ठा दिला, चार ओळींत सारांश करून द्यायला. तिसरी नोटीस पाण्याच्या हक्काच्या सुनावणीची. अर्जदार गोल्फवाली कंपनी, विरुद्ध युफेमिया त्रुहियो, अकरा एकर.

इथे ज्याने चार वर्षं पाणी घेतलं नाही त्याचा हक्क गेला असं धरतात. कंपनीचं म्हणणं, अडुसष्ट ते चौऱ्याहत्तर या काळात पाटाची खालची बाजू ढासळलेली होती, त्रुहियोंच्या शेतात थेंब गेला नाही, सबब हक्क संपला, सबब ते पाणी आता मागेल त्याला, म्हणजे आम्हाला. पाटाच्या पाळ्यांची त्या वर्षांची वही देवळाच्या कोठीला लागलेल्या आगीत गेली. बाईंकडे दाखवायला एकच गोष्ट उरली आहे: सिनेमाचं शेवटचं दृश्य. एकाहत्तरचा जून, त्यांचा बाप, त्यांचं शेत, आणि त्यात शिरणारं पाणी.

पुढे कंपनीच्या पुराव्यांची यादी. सातवा: लेले, म्हणजे माझा लेख. आठवा: किटरिज. 'एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन अभ्यासकांच्या मते सदर पाणी टँकरचं होतं.' नववा पुरावा माझा खुलासा. शोध प्रथम मी लावल्याचा.

आधी कंपनीच्या वकीलबाईंचा संताप आला. रूपक म्हणजे काय ते या बाईला कळत नाही, आणि चालली कायदा शिकवायला. गाडी काढून तणतणत युफेमियाबाईंकडे गेलो. त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतूनच बोलल्या.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. मिरच्या घेऊन आले होते त्या दिवशी. नंतर पोस्टात."

"असं स्पष्ट नाही बोललात."

"पाणी खरं होतं, दुरुस्ती छाप, म्हणाले. याहून स्पष्ट कसं बोलतात ते मला येत नाही. मी शाळेत आठवीपर्यंत."

परत येताना इंजिन गरम होईतो पहिल्याच गिअरमध्ये चालवत होतो, हे घरी आल्यावर मृणालने वासावरून सांगितलं.

२८ जानेवारी, शनिवार

दुरुस्ती छापली. चार ओळी, पान सहा. कंपनीच्या वकीलबाईंनी लगेच कळवलं: सुनावणीची तारीख लागल्यावर सुचलेली दुरुस्ती, तिला किंमत नाही. यात त्यांचं काही चुकलं नाही, म्हणून जास्त चिडलो.

१८ मार्च, शनिवार

पाटाची साफसफाई. दर वसंतात, पाणी सोडायच्या आधी, ज्याची जेवढी पाळी तेवढी माणसं त्याने द्यायची. आमच्या वाट्याला पाणी नाही, त्यामुळे सव्वीस वर्षांत मी इथे फक्त वही घेऊन आलो होतो. आज युफेमियाबाईंच्या नावावर खोरं घेऊन उभा राहिलो. त्यांना विचारलं नव्हतं.

पाटकरी गिल्बर्ट. हातातल्या काठीने तो प्रत्येकाला पाटाचा तुकडा मोजून देतो. तळ आणि दोन्ही कडा साफ करायच्या, मग तो बघणार, मग सगळी रांग पुढे सरकणार. माझ्या तुकड्याशी तो थांबला.

"लेले, हे काय आहे?"

"गाळ."

"नक्की? नाही म्हणजे, पाप वगैरे असेल तर तसंच राहू दे."

रांगेतले सगळे हसले. पुढच्या वळणापर्यंत हसत होते. मला राग आला, आणि कुणावर काढावा ते सापडेना, म्हणून गाळावर काढला. गिल्बर्ट म्हणाला, कडा जास्त खोदल्यास, परत भर.

२५ मार्च, शनिवार

आज पाणी सोडलं. गिल्बर्ट पाण्याच्या तोंडाबरोबर चालत खाली येतो, रीतच आहे. मी मागे मागे गेलो. युफेमियाबाई आपल्या शेताच्या दारापाशी उभ्या होत्या.

पाणी माणसाच्या चालीने आलं. पुढे वीतभर उंच तपकिरी फेस, त्यात काटक्या, पानं, मेलेले किडे, एक रबरी चप्पल. सगळं ढकलत, वळणावर अडत, परत सुटत. पडद्यावर मी हे चाळीस वेळा बघितलं आहे.

"हे असंच येतं?" मी विचारलं.

"मग कसं येणार?" गिल्बर्ट म्हणाला. "तीन मैल चालत आलंय. वाटेत जे सापडेल ते गोळा करत येतं."

"आणि टँकरचं?"

"टँकरचं ओतलं की पसरतं. त्याला असं तोंड नसतं. त्याच्यापुढे ढकलायला काय असणार? दहा पावलांत असली घाण कुठून आणशील?"

युफेमियाबाईंनी खोऱ्याने फेस बाजूला ओढला आणि दार उचललं. दोघांतलं कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

घरी येऊन बसलो. काव्यशास्त्र शिकवणारे आमचे शास्त्रीबुवा पहिल्याच तासाला सांगायचे: सरळ अर्थ अडला, लागेनासा झाला, तरच लक्षणेकडे जा. मुख्यार्थाचा बाध ही पहिली अट. सरळ अर्थ समोर धडधाकट उभा असताना जो आडवाटेने जातो तो बुद्धिमान नव्हे, आळशी. त्याला नीट बघायचे कष्ट नकोत. परीक्षेत मी हे उत्तर लिहून बक्षीस मिळवलं होतं. त्या दृश्यात काय अडत होतं? शेतकरी आहे, पाट आहे, जून आहे, पाणी येतं. काहीही अडत नव्हतं. पाटापलीकडे त्या दिवशी तिथे हजर असलेली बाई राहते, आणि मी न्हाव्याला विचारलं. विचारलंही नाही, त्याने दाढी करता करता सांगितलं.

२० एप्रिल, गुरुवार

सुनावणी. जिल्हा कचेरीची वरची खोली, अर्धं गाव. अधिकारी थकलेले गृहस्थ, सारखं चष्मा पुसणारे.

बाईंनी साक्ष दिली: एकाहत्तरमध्ये मी तेवीस वर्षांची होते, तिथेच होते, पाणी पाटाचं होतं. कंपनीच्या वकील डेंटनबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, आपल्या हक्काबद्दल आपणच बोलणार, स्वाभाविक आहे. मग मला बोलावलं.

"नोव्हेंबरात तुम्ही छापलंत की टँकरचा शोध प्रथम तुम्ही लावलात."

"हो."

"आज म्हणता ते खोटं होतं."

"ऐकीव होतं."

"कुणाकडून?"

"न्हाव्याकडून."

"तो चित्रीकरणाला हजर होता?"

"त्याचा जन्म चौऱ्याहत्तरचा."

मागे लोक हसले. अधिकाऱ्यांनी चष्मा लावला.

"प्राध्यापक किटरिज यांचंही तेच मत आहे."

"त्यांनी ते माझ्याकडून घेतलं. मी न्हाव्याकडून. तुमचे सात, आठ आणि नऊ हे तीन पुरावे नाहीत, एकच न्हावी आहे."

"तेव्हा आत्मविश्वासाने चुकीचं बोलत होतात. आता बरोबर बोलताय हे कशावरून?"

"फेसावरून," मी म्हटलं, आणि दृश्य लावायची विनंती केली. सहा मिनिटं. फेस कुठे येतो, काटक्या कुठे अडतात, ते दाखवलं. खोलीत बसलेल्या पाटावरच्या माणसांनी माना डोलावल्या. गिल्बर्ट आपण होऊन उठला आणि म्हणाला, हे चालत आलेलं पाणी आहे, कुणालाही विचारा.

"मिस्टर लेले, तुम्ही जलतज्ज्ञ आहात?"

"नाही."

"सिनेमाचे तज्ज्ञ?"

"नाही."

"मग नेमके कशाचे?"

"मृत्युलेखांचे."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

मागल्या दारापाशी युफेमियाबाई गाडीची वाट बघत होत्या. जानेवारीनंतर त्या माझ्याशी पहिल्यांदाच आपण होऊन बोलल्या. आवाज चढला नाही, आणि मला तो चढायला हवा होता.

"फेस तुला पहिल्यापासून दिसला होता. पाप म्हणून का होईना, दिसला होता. चप्पल असती तर तीही दिसली असती. सहा मिनिटं तिथे एकच माणूस आहे, आणि तेवढाच तुला दिसला नाही. त्या दिवशी त्याचा खांदा निखळलेला होता. डाव्या हाताने दार उचलतोय तो. डाव्या हाताचा अर्थ काय लावला होतास?"

मी सांगितलं नाही. लावला होता.

३ मे, बुधवार

प्राध्यापकाचं पत्र. सुनावणीबद्दल ऐकलं म्हणे. 'सिनेमा स्वतःच साक्षीदार होतो ही विलक्षण घटना' त्याला पुस्तकाचा शेवट म्हणून वापरायची आहे, आणि बाईंची मुलाखत मिळाली तर बरं होईल. येईन तेव्हा तुमच्याकडेच उतरेन.

मृणालने विचारलं, काय उत्तर देणार? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "हे तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं लेखन."

१४ जून, बुधवार

निकाल. संपादकाकडे प्रत आली ती घेऊन मी पाटापलीकडे गेलो. बाईंना पोस्टाने आधीच मिळाली होती. टेबलावर पडली होती, वर मिठाची बरणी.

दृश्य पुरावा म्हणून धरलं. टँकर काढून टाकला. सात एकरांचा हक्क कायम. चार एकर गेले. अधिकारी लिहितात की सदर चार एकरांना पाणी दिल्याचं चित्रफितीत कुठेही दिसत नाही, आणि अन्य स्वतंत्र पुरावा नाही.

"जर्दाळूंची बाग," मी म्हटलं.

"पहिलं पाणी तो बागेलाच द्यायचा," बाई म्हणाल्या. "दरवेळी. त्या दिवशीही तिकडेच वळत होता. कॅमेरेवाला म्हणाला, डावीकडे नको, तिकडे आमच्या गाड्या उभ्यात, चित्रात येतील. उजवीकडे सोड. माझा बाप म्हणाला, बरं. बागेला ते गेल्यावर दिलं."

"हे सुनावणीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. हितसंबंधी म्हणाले, धरलं नाही."

मी वर अपील वगैरे बोलू लागलो. पेपरात लिहितो म्हणालो. बाई म्हणाल्या, "तू लिहू नकोस." बरणी सरळ करत म्हणाल्या, "वकील बघतोय. दोन वर्षं लागतील म्हणाला. झाडं दोन वर्षं थांबत नाहीत."

सिनेमावाल्यांनी पंधरा मिनिटं वाचवायला हलवल्या नसतील त्या गाड्या. आणि मी लेखात लिहिलं होतं की तो उजवीकडे वळतो, कारण उजवी बाजू धर्माची.

१७ जून, शनिवार

हुकुमाप्रमाणे बागेकडे जाणारा दंड, म्हणजे पाटाची छोटी चारी, आजपासून बंद करायचा होता. ते काम पाटकऱ्याचं. गिल्बर्ट सकाळी आला, दाराशी टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, दोन्या युफेमिया, हे मला जमणार नाही, मला दंड करू देत. बाई म्हणाल्या, तुला दंड झाला तर पाट कोण बघणार. मग मला निरोप आला. खोरं घेऊन ये.

दंडाच्या तोंडाशी त्या उभ्या होत्या. फांद्यांवर जर्दाळू पिवळे पडू लागले होते, उतरवायला अजून पंधरा दिवस होते. मी विचारलं, मीच का? म्हणाल्या, "गिल्बर्टचे हात ओळखीचे आहेत झाडांना."

मी माती टाकली. खाली गवताची ढेकळं, वर गाळ, पायाने दाबून. मार्चमध्ये शिकलो होतो, त्यामुळे बरी जमली. दहाच्या सुमाराला बाईंची पाळी आली. पाणी वरून आलं, माझ्या बांधाला टेकलं, जरा फुगलं, एका कोपऱ्यातून बोटभर धार बागेकडे निघाली.

बाई तिच्याकडे बघत होत्या. मीही बघत होतो. ती पहिल्या झाडाच्या आळ्यापर्यंत पोचली.

"लेले," त्या म्हणाल्या, "कंपनीचा माणूस बारा वाजता फोटो काढायला येणार आहे."

"मग बारापर्यंत राहू दे."

"राहू दिलं तर सातही जातील. तिथे टाक. कोपऱ्यात."

मी एक खोरं टाकलं. धार बारीक झाली.

"अजून," म्हणाल्या.

मी टाकलं.